‘जनरल’ आणि ‘विल्यम क्रूक्स’ : खेळण्यांतील दोन आगगाड्यांचें साधनपरीक्षण

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, सनदा, शकावल्या, ताम्रपट आणि नाणीं हीं उभीं राहतात. मुलांचीं खेळणीं त्या मालिकेंत कोणी बसवीत नाहीं. खेळणें हें मोडण्यासाठींच असतें अशी समजूत असल्यामुळें तें सहसा जपलें जात नाहीं. आणि जपलें गेलेंच तर आठवण म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. संस्कृत वाङ्मयाच्या वाचकाला मात्र या समजुतीस एक अपवाद ठाऊक आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत चारुदत्ताच्या लहानग्या मुलाची मातीची गाडी आहे. वसंतसेनेनें त्या गाडींत घातलेले अलंकार पुढें न्यायसभेंत बाहेर पडतात आणि त्यांच्या आधारें निरपराध चारुदत्तास दोषी ठरविण्यांत येतें. अलंकार खरे होते, वसंतसेनेचेच होते. खोटें होतें तें त्यांवरून काढलेलें अनुमान. साधन अस्सल असूनही त्याची साक्ष चुकीची वाचली जाऊं शकते, हें सांगावयास यापेक्षां चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुन्या खेळण्यांतील आगगाड्या जमविणारांचा एक मोठा वर्ग आहे. १९५४ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांत स्थापन झालेली त्यांची ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ ही संस्था त्याच संस्थानांतील स्ट्रासबर्ग येथें स्वतःचें संग्रहालय चालविते. या मंडळींनीं अनुक्रमांक, खोके, रंगांच्या छटा, साच्यांतील बारीकसारीक फरक यांच्या ज्या नोंदी केल्या आहेत त्या पाहतां, पोथ्यांतील पाठभेद टिपणाऱ्या आपल्या पंडितांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु पाठभेद टिपणें हें एक काम आणि ग्रंथ कोणत्या काळाचा व कशाविषयीं साक्ष देणारा हें ठरविणें हें दुसरें. प्रस्तुत निबंधाचा हेतु या दुसऱ्या प्रकारचा आहे. ‘वेस्टर्न’, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील जीवन दाखविणारे म्हणून जे आगगाड्यांचे संच १९५९ च्या आगेमागें विकले गेले, त्यांपैकीं दोन प्रमुख संच घेऊन ते नक्की कशाचे साक्षीदार आहेत याचा येथें विचार करावयाचा आहे.

१. वस्तुवर्णन

प्रथम वस्तु कोणत्या तें सांगितलें पाहिजे. जोशुआ लायनेल कावेन यानें १९०० सालीं न्यूयॉर्क येथें सुरू केलेली लायनेल कंपनी ही विजेवर चालणाऱ्या खेळण्यांतील आगगाड्यांची अमेरिकेंतील सर्वांत नांवाजलेली कंपनी. तिच्या रुळांची खूण अशी कीं, बाहेरच्या दोन पट्ट्यांमध्यें विद्युत्प्रवाह नेणारी तिसरी पट्टी असते. या कंपनीनें १९५९ सालीं ‘जनरल’ नांवाचें जुन्या घडणीचें इंजिन बाजारांत आणलें व तें १९६२ पर्यंत तिच्या सूचिपत्रांत राहिलें. पुढें चार लहान चाकें, मागें चार मोठीं चालक चाकें, वर फुगीर तोंडाचें धुराडें, समोर मोठा दिवा आणि त्याखालीं काऊकॅचर, असें याचें रूप आहे. याचे दोन प्रकार होते. साध्या प्रकारास १८६२ हा अनुक्रमांक, तर ‘सुपर ओ’ नांवाच्या भारी रुळांवर चालणाऱ्या प्रकारास १८७२ हा. पहिल्याच्या मागें १८६६ क्रमांकाचा टपालडबा व १८६५ क्रमांकाचा पिवळा उतारूडबा. दुसऱ्याच्या मागें १८७६ व १८७५ हे तसेच डबे. आणि १८७७ क्रमांकाचा, कठडा लावलेला व वर सहा घोडे उभे केलेला उघडा डबा. दुसरा संच सूचिपत्रांत ‘फाइव्ह स्टार फ्रंटियर स्पेशल’ या नांवानें दिसतो. फ्रंटियर म्हणजे सीमाप्रदेश. वसाहतवाल्यांची वस्ती जेथें संपते व पुढचा मुलूख सुरू होतो ती रेषा.

दुसरी वस्तु लुई मार्क्स याच्या कंपनीची. हा व्यापारी १९१९ सालीं आपल्या भावासह या धंद्यांत पडला आणि १९५५ च्या डिसेंबरांत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर खेळण्यांचा राजा म्हणून झळकला. लायनेलचा माल महाग, मार्क्सचा स्वस्त. मार्क्सच्या आगगाड्या पेनसिल्व्हेनियांतील गिरार्ड येथें तयार होत. आणि छापील पत्र्याचीं घरें, कुंपणें, प्लॅस्टिकच्या पुतळ्या व घोडे एकाच खोक्यांत घालून विकावयाचे ‘प्लेसेट’ ही याच कंपनीची विशेष कीर्ति. ‘फोर्ट अपाची’ हा किल्ल्याचा संच १९५१ पासूनचा. आगगाडीच्या बाजूनें पाहतां, १९५९ च्या सुमारास याच कंपनीनें ‘विल्यम क्रूक्स’ नांवाचें जुन्या धाटणीचें इंजिन काढलें व त्याच्या मागें ‘सेंट पॉल अँड पॅसिफिक’ या रेल्वेच्या नांवाचे डबे जोडले. त्या वेळीं दूरचित्रवाणीवर चालू असलेल्या ‘टेल्स ऑफ वेल्स फार्गो’ या कथामालेच्या नांवानेंही तिनें संच विकले.

तिसरी कंपनी ए. सी. गिल्बर्ट याची, न्यू हेवन येथील. हिच्या ‘अमेरिकन फ्लायर’ गाड्या दोन पट्ट्यांच्या रुळांवर धावत. तिनेंही १९५९ सालीं ‘फ्रँकलिन’ नांवाचें तसेंच इंजिन काढलें. त्याच्यावर ज्या रेल्वेचीं आद्याक्षरें आहेत ती रेल्वे कोणत्याही नकाशांत सांपडत नाहीं. कारण तीं आद्याक्षरें ‘प्रगतीचीं पन्नास वर्षें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आहेत. कंपनीची स्थापना १९०९ ची, तिचा सुवर्णमहोत्सव १९५९ चा. म्हणजे हें नांव हीच त्या वस्तूची पुष्पिका ठरते. कालनिर्णयास दुसरें साधन नको.

२. ‘जनरल’ हें पश्चिमेचें आहे काय?

‘सीमाप्रदेशाची खास गाडी’ म्हणून विकलेल्या ‘जनरल’ इंजिनाचें मूळ पाहूं गेलें असतां पहिलाच धक्का बसतो. खरें ‘जनरल’ इंजिन १८५५ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील पॅटरसन येथें रॉजर्स, केचम अँड ग्रोव्हनर यांच्या कारखान्यांत तयार झालें. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी १८५३ च्या १६ एप्रिलास धावली. तिच्या मागून दोनच वर्षांनीं हें इंजिन घडलें. तें ज्या रेल्वेवर चाललें ती ‘वेस्टर्न अँड अटलँटिक’. या नांवांतील ‘वेस्टर्न’ शब्दावरून कोणास भ्रम व्हावा हें स्वाभाविक आहे. परंतु ही रेल्वे अटलांटा ते चॅटानूगा अशी, म्हणजे आग्नेयेकडील जॉर्जिया संस्थानांतली. जॉर्जियाच्या लोकांना जो प्रदेश पश्चिमेचा वाटे तो या शब्दानें सांगितला आहे. गाईगुरांचे कळप, ओसाड पठारें आणि बंदूकधारी घोडेस्वार यांच्या पश्चिमेशीं त्याचा संबंध नाहीं.

या इंजिनाची प्रसिद्धि झाली ती यादवी युद्धांतील एका प्रसंगामुळें. १८६२ च्या १२ एप्रिलास उत्तरेचा हेर जेम्स अँड्रूज हा सुमारें वीस माणसें घेऊन साध्या वेषांत या गाडींत बसला. बिग शँटी येथें उतारू व नोकर न्याहारीस उतरले असतां त्यानें इंजिन व कांहीं डबे पळविले. त्या स्थानकावर तारऑफिस नव्हतें, म्हणूनच तें निवडलें होतें. वाटेंत तारा तोडाव्या, पूल जाळावे, आणि चॅटानूगाचा दक्षिणेशीं असलेला संबंध तोडावा, असा बेत होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर प्रथम पायीं, मग ढकलगाडीनें, मग एकामागून एक तीन इंजिनें मिळवून पाठलागास लागला. त्यांतील शेवटचें ‘टेक्सस’ हें उलट्या दिशेनें, मागें मागें चालवीत नेलें. रिंगगोल्ड गांवाच्या पुढें ‘जनरल’चें सरपण व पाणी संपलें आणि सर्व पकडले गेले. अँड्रूज व आणखी सात जण फांशीं गेले. वांचलेल्यांपैकीं कांहींना १८६३ च्या मार्चमध्यें संयुक्त संस्थानांचीं पहिलीं ‘मेडल ऑफ ऑनर’ पदकें मिळालीं.

आतां लायनेलच्या अनुक्रमांकाकडे पाहावें. १८६२ हा अंक आणि या प्रसंगाचें साल हीं एकच आहेत. हा मेळ निव्वळ योगायोगाचा मानणें कठीण आहे. परंतु येथेंच थांबावें हें बरें. दुसऱ्या प्रकाराचा अंक १८७२. आणि सीअर्स या दुकानदार कंपनीसाठीं १९६० सालीं काळ्या व नारिंगी रंगांत काढलेल्या, संग्राहकांनीं ‘हॅलोवीन जनरल’ असें टोपणनांव दिलेल्या प्रकाराचा अंक १८८२. हे अंक दहा-दहानें चढत गेलेले आहेत. त्यांना इतिहासांतील प्रसंग चिकटविण्याच्या फंदांत पडूं नये. एका अंकास अर्थ सांपडला म्हणजे पुढल्या सर्व अंकांस तो सांपडलाच पाहिजे, ही वृत्ति शिलालेख वाचणारांनाही पुष्कळ वेळां नडली आहे.

मग यादवी युद्धांतील, जॉर्जियांतील इंजिन पश्चिमेच्या सीमेवर कसें पोंचलें? उत्तर खेळण्यांत नाहीं. तें तत्कालीन करमणुकींत आहे. १९५६ सालीं वॉल्ट डिस्नेच्या कंपनीनें याच प्रसंगावर ‘द ग्रेट लोकोमोटिव्ह चेस’ हा चित्रपट काढला. त्यांत अँड्रूजचें काम फेस पार्कर यानें केलें. हाच नट त्यापूर्वीं थोड्याच दिवसांमागें सीमाप्रदेशांतील शिकारी डेव्ही क्रॉकेट म्हणून देशांतील मुलांच्या तोंडीं बसला होता. चित्रपटांत ‘जनरल’ म्हणून दिसतें तेंही ‘जनरल’ नव्हे. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचें ‘विल्यम मेसन’ हें १८५६ चें इंजिन त्या वेषांत उभें केलें होतें. म्हणजे मूळ इंजिन एक, त्याचें सोंग घेणारें दुसरें, आणि त्या सोंगानें उठलेल्या हवेवर विकलें गेलेलें खेळणें तिसरें. हस्तलिखितांच्या भाषेंत बोलावयाचें तर आपल्या हातांतील प्रत मूळ प्रतीवरून उतरलेली नसून मधल्या प्रतींचे संस्कार घेऊन आलेली आहे.

याच सुमारास दूरचित्रवाणीवर पश्चिमेच्या कथामालांची लाट शिगेस पोंचली होती. ‘गनस्मोक’ ही कथामाला १९५५ सालीं सुरू झाली व १९५७ पासून चार वर्षें लोकप्रियतेंत पहिली राहिली. दुसऱ्या बाजूनें खऱ्या रेल्वेवरील वाफेचीं इंजिनें नाहींशीं होत होतीं. नॉरफोक अँड वेस्टर्न या मोठ्या रेल्वेनें १९६० सालीं वाफेचा वापर थांबविला. जें डोळ्यांसमोरून जातें त्याचें खेळणें होतें. धूर ओकणारें इंजिन मुलाला रस्त्यानें जातां-येतां दिसेनासें झालें त्याच वेळीं शंभर वर्षांपूर्वींचें इंजिन त्याच्या घरांत आलें.

३. न्यू जर्सीची पश्चिम

आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ‘जनरल’ पॅटरसनचें, हें वर सांगितलें. त्याचा पाठलाग करणारें ‘टेक्सस’ पॅटरसनच्याच डॅनफर्थ, कुक यांच्या कारखान्यांतलें. ‘विल्यम क्रूक्स’ हें खरें इंजिन १८६१ सालीं पॅटरसन येथेंच न्यू जर्सी लोकोमोटिव्ह कारखान्यांत झालें. १८६९ च्या १० मे रोजीं यूटा प्रांतांतील प्रॉमॉन्टरी येथें पूर्व व पश्चिम बाजूंचे रूळ जोडले गेले, तेव्हां समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन इंजिनांपैकीं युनियन पॅसिफिकचें ११९ क्रमांकाचें इंजिनही रॉजर्स कारखान्याचें, म्हणजे पॅटरसनचेंच. पश्चिमेच्या दरोड्याचा आद्य चित्रपट ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ एडिसनच्या कंपनीसाठीं एडविन पोर्टरनें १९०३ सालीं घेतला. त्यांतील आगगाडीचीं दृश्यें न्यू जर्सीमधलीं, आणि ती आगगाडी ‘डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न’ या पूर्वेकडील रेल्वेची. शेवटीं, लायनेलचा कारखाना होता न्यू जर्सींतील हिलसाइड येथें.

तात्पर्य, पश्चिमेचीं खरीं इंजिनें, पश्चिमेचें पहिलें चित्र आणि पश्चिमेचें खेळणें या तिहींचा उगम एकाच लहानशा पूर्वेकडील संस्थानांत सांपडतो. भूगोलांतील पश्चिम आणि कल्पनेंतील पश्चिम या दोन भिन्न वस्तु असून दुसरी पूर्वेच्या शहरांत तयार होऊन तेथेंच मुख्यतः खपत होती. लायनेलचा हा संच पहिलीविषयीं कांहींही सांगत नाहीं. दुसरीविषयीं मात्र तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

४. ‘विल्यम क्रूक्स’ : नांवाची दुसरी बाजू

मार्क्सच्या संचाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ‘जनरल’ सीमेचें म्हणून विकलें गेलें, पण तें सीमेचें नव्हतें. ‘विल्यम क्रूक्स’ हें नांव मुलाला कांहींच सांगत नसे. परंतु या नांवाइतकें सीमेशीं निगडित नांव दुसऱ्या कोणत्याही खेळण्यावर क्वचित् असेल.

हें इंजिन मिनेसोटा संस्थानांतील पहिलें. १८६२ च्या २८ जूनला तें सेंट पॉलहून शेजारच्या सेंट अँथनी गांवापर्यंत धावलें. त्यास नांव दिलें तें रेल्वेच्या मुख्य एंजिनिअराचें. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, ऑगस्टांत, मिनेसोटा नदीच्या खोऱ्यांत डकोटा लोकांचें युद्ध पेटलें. तहांनीं मुलूख गेलेला, कबूल केलेली नेमणूक वेळेवर न आलेली, लोक उपाशी. अशा स्थितींत तो उठाव झाला, आणि त्यांत वसाहतींतील शेंकडों माणसें मारलीं गेलीं. उठाव मोडण्यास गेलेल्या सहाव्या मिनेसोटा पलटणीचा कर्नल होता तोच विल्यम क्रूक्स. पुढें पकडलेल्या डकोटांच्या चौकशीसाठीं जें लष्करी मंडळ नेमलें त्याचा अध्यक्षही तोच. त्या मंडळानें ३९२ जणांची चौकशी केली. कित्येक प्रकरणें कांहीं मिनिटांतच निकालांत निघालीं. ३०३ जणांस फांशीची शिक्षा सांगितली गेली. अध्यक्ष लिंकन यानें कागद मागवून घेऊन त्यांतील बहुतेकांची शिक्षा कमी केली. तरी १८६२ च्या २६ डिसेंबरास मँकेटो येथें ३८ जणांना एकाच वेळीं फांशीं देण्यांत आलें. संयुक्त संस्थानांच्या इतिहासांत एका दिवशीं इतक्या जणांस दिलेली ही फांशी सर्वांत मोठी होय.

हे कागद डोळ्यांपुढें ठेवून मार्क्सच्या मालाकडे पुन्हां पाहावें. त्याच कंपनीच्या ‘प्लेसेट’मधील पुतळ्यांचे मुख्य वर्ग तीन: गुराखी घोडेस्वार, घोडदळाचे शिपाई आणि परशु किंवा धनुष्य उगारलेले इंडियन. घरांत एका जमिनीवर हे पुतळे व ही गाडी एकत्र आलीं म्हणजे मूल जो खेळ खेळे त्यांत इंडियन हल्ला करणार आणि गाडी वांचविली जाणार हें ठरलेलें. वस्तुतः आगगाडीवर अशा हल्ल्याचे प्रसंग फार थोडे घडले. त्यांतील ठळक म्हणजे १८६७ च्या ऑगस्टांत नेब्रास्कांतील प्लम क्रीक येथें शायेन लोकांनीं युनियन पॅसिफिकची मालगाडी रुळांवरून घसरविली तो. दरोड्यांचेंही तसेंच, युद्धानंतर चालत्या गाडीवर पडलेला पहिला दरोडा रेनो बंधूंचा, १८६६ च्या ऑक्टोबरांतला, तो इंडियाना संस्थानांत, तेंही पश्चिमेच्या पठारांपासून दूर. आणि सेंट्रल पॅसिफिकचे रूळ डोंगर फोडून ज्यांनीं घातले त्या हजारों चिनी मजुरांस पुतळ्यांच्या या तीन वर्गांत जागाच नाहीं.

खेळणें बनविणारानें हें सर्व जाणून केलें असें म्हणण्याचें कारण नाहीं. मिनेसोटांतील पहिलें इंजिन म्हणून तें जपलेलें होतें, आजही डुलुथ येथील रेल्वे संग्रहालयांत तें पाहावयास मिळतें, आणि दिसावयास देखणें म्हणून त्याची प्रतिकृति झाली. परंतु साधनाची साक्ष कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसते. न्यायमंडळाच्या अध्यक्षाचें नांव इंजिनावर आणि ज्यांचा न्याय झाला त्यांचे पुतळे खोक्यांत, अशी हीं दोन शंभर वर्षांनीं एका घरांत भेटलीं व कोणास कांहीं वाटलें नाहीं. विसर किती पुरा होता याचा याहून नेमका पुरावा एखाद्या ग्रंथांत मिळेल असें वाटत नाहीं.

५. प्रमाण आणि विसंगति

खेळण्यांच्या मापांवरूनही कांहीं कळतें. लायनेलच्या रुळांची रुंदी सव्वा इंच. या रुळांसाठीं एका फुटास पाव इंच, म्हणजे ४८ स १, असें प्रमाण धरण्याची वहिवाट आहे. त्या हिशेबानें सव्वा इंचाचे पांच फूट होतात. नेहमींचा प्रमाण रूळ चार फूट साडेआठ इंचांचा असल्यामुळें खेळण्यांतील रूळ साडेतीन इंचांनीं अधिक रुंद ठरतो, आणि काटेकोर नमुने करणारे त्यास दोष देतात. परंतु जॉर्जियांतील रूळ १८८६ पर्यंत पांच फुटांचेच होते! म्हणजे रुंदीच्या बाबतींत हें खेळणें नकळत आपल्या मूळाशीं प्रामाणिक राहिलें. हा मात्र शुद्ध योगायोग. सव्वा इंचाचा रूळ ‘जनरल’च्या प्रतिकृतीच्या पुष्कळ पूर्वींचा आहे.

त्याच प्रमाणानें साडेपांच फूट उंचीचा मनुष्य सुमारें ३५ मिलिमीटर भरतो. मार्क्सच्या पुतळ्यांचें एक प्रचलित माप ५४ मिलिमीटरांचें. असा पुतळा लायनेलच्या डब्याशेजारीं उभा केला तर तो दीडपट उंच दिसतो व दारांतून आंत जाऊं शकत नाहीं. मुलांना याची अडचण वाटल्याचें दिसत नाहीं. माप जुळविणें ही प्रौढांची हौस; मुलास प्रसंग जुळला म्हणजे पुरतें.

६. अस्सल, नक्कल आणि मधली अवस्था

संग्राहकांपुढील खरा पेच येथें येतो. लायनेल कंपनीचा अंमल बदलत गेला. कावेन यानें १९५९ सालींच आपले भाग विकले होते आणि १९६९ पासून लायनेलच्या गाड्या जनरल मिल्स या कंपनीच्या परवान्याखालीं निघूं लागल्या. तिनें १९७७ मध्यें ‘जनरल’ पुन्हां काढलें. पण त्यास ८७०१ असा नवा अनुक्रमांक दिला, त्यामुळें घोटाळ्यास फारशी जागा नाहीं. मार्क्सचें तसें नाहीं. ती कंपनी १९७२ सालीं क्वेकर ओट्सला विकली गेली, १९७६ त एका ब्रिटिश कंपनीकडे गेली आणि १९८० त बुडाली. तिचे पोलादी सांचे मात्र राहिले. ते हातोहात फिरले व त्यांतून पुढें पुन्हां पुतळे ओतले गेले. हे पुतळे बनावट म्हणावे काय? सांचा अस्सल, आकार रेसभर न बदललेला. बदललें तें प्लॅस्टिक, रंग आणि ओतण्याचा काळ. शिक्का खरा, परंतु शिक्क्याचा धनी गेल्यानंतर उमटविलेला, अशा कागदाची आपल्याला जी पंचाईत पडते तीच ही.

शिवाय दुर्मिळ प्रकाराची किंमत चढली कीं साध्या प्रकारावर रंग चढवून तो दुर्मिळ करण्याचा मोह होतो. ‘हॅलोवीन जनरल’सारख्या केवळ रंगानें ओळखल्या जाणाऱ्या प्रकारांत तर परीक्षकानें रंगाखालचा रंग पाहिल्याशिवाय मत देऊं नये. परंतु प्रस्तुत लेखकास याहून मोठा धोका दुसराच वाटतो. संच फोडून विकण्याची चाल पडली आहे. इंजिन एकाकडे, घोड्यांचा डबा दुसऱ्याकडे, खोका तिसऱ्याकडे, आणि खोक्यांतील सूचनापत्र केराच्या टोपलींत. प्रत्येक तुकडा अस्सल. पण ‘फ्रंटियर’ हा शब्द ज्या खोक्यावर व ज्या सूचिपत्रांत छापलेला होता तो गेला कीं उरतें तें निव्वळ जॉर्जियाच्या इंजिनाचें चित्र. वरील सर्व विवेचन ज्या विसंगतीवर उभें आहे ती विसंगतिच नाहींशी होते. दप्तराचे रुमाल सोडून सुटे कागद मोत्यांच्या भावानें विकणारांनीं आपल्याकडे काय नुकसान केलें आहे हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

संच कोणत्या घरांतून आला, मुलानें त्यांत बाहेरचे कोणते पुतळे मिसळले, कोणत्या इंडियनाचें डोकें चावलेलें आहे, या गोष्टी संग्राहक दोष म्हणून मोजतात. ‘नव्यासारखें’ या शब्दास त्यांच्या प्रतवारींत वरचा मान आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र कधींच न उघडलेला खोका हा कारखान्याचा साक्षीदार, आणि खेळून झिजलेला संच हा मुलाचा साक्षीदार. दोन्हींची जरूर आहे. आणि दुसऱ्या प्रकारचा साक्षीदार अधिक लवकर नाहींसा होत आहे.

७. उपसंहार

येथवर जें दाखविलें त्याचा सारांश असा. ‘जनरल’चा संच १८६० च्या पश्चिमेविषयीं साक्ष देण्यास अपात्र आहे, १९५६ ते १९६२ या काळांतील पूर्वेकडील कल्पनेविषयीं तो उत्तम साधन आहे. ‘विल्यम क्रूक्स’चा संच नांवापुरता खऱ्या सीमेचा आहे, आणि त्या नांवामागील हकीकत तो सांगत नाहीं, हीच त्याची साक्ष होय. दोहोंचीही किंमत संच, खोका, सूचनापत्र व मालकाचा इतिहास हीं एकत्र राहण्यावर अवलंबून आहे.

खरें ‘जनरल’ इंजिन कोणाचें, यावरून चॅटानूगा शहर, रेल्वे कंपनी आणि जॉर्जिया संस्थान यांत कज्जा झाला. तो १९७० मध्यें संपून १९७२ पासून तें केनेसॉ येथें, म्हणजे जेथून तें पळविलें गेलें त्याच जुन्या बिग शँटीस, संग्रहालयांत उभें आहे. १८५५ पासून त्यांत इतके फेरफार झाले आहेत कीं त्याचें आजचें रूप हें पळविलेल्या दिवसाचें रूप नव्हे. प्रत्यक्ष वस्तूचीही हीच कथा आहे, तर प्रतिकृतीकडून अधिक अपेक्षा कोणी करावी?

शेवटीं घरचा एक विचार. दिवाळींत आपल्याकडे मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात व त्यावर बाजारचे चित्रांतले मावळे, तोफा आणि सिंहासनावरील महाराज मांडतात. तेथेंही मावळा दरवाज्याहून उंच असतो आणि तेथेंही इतिहास खेळण्यावाटेच मुलाच्या मनांत प्रथम शिरतो. कोणत्या साली बाजारांत कोणते पुतळे आले, त्यांचे पोशाख कोणत्या चित्रावरून घेतले, महाराजांच्या शेजारीं कोण बसूं लागले व कोण उठले, याची नोंद कोणी केली आहे काय? माती पावसांत जाते, म्हणून टिपण तरी राहिलें पाहिजे. सनदांचे ताव हस्तगत करण्यासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आपल्या सभासदांनीं, उतरतांना त्या घरच्या माळ्यावरील खेळण्यांच्या टोपलींतही एकदां पाहून यावें, इतकीच विनंती आहे.